वरल्या गावच्या फैसल्याची बखर

॥ श्री सिद्धेश्वर रत्नेश्वर प्रसन्न ॥

विद्याविभूषित, दंतवैद्यशिरोमणी, राजमान्य शिवकन्याबाईसाहेब यांचे सेवेसी विनंती ऐसीजे. साहेबी आज्ञा केली की, आमच्या आज्जी मातुश्री नागम्माबाई यांनी शके १९१८ साली लातूर शहरी जी मोहीम केली तिची हकीकत लोक मन मानेल तशी सांगतात. कोणी म्हणतो म्हातारीने मास्तरांचे घरी दरोडा घातला, कोणी म्हणतो मास्तर खिडकीतून पळाले, आणि ज्यांचा ते समयी जन्मही जाहला नव्हता ते तर शपथेवर सांगतात. तरी खरे काय ते एकवार लिहून ठेवावे. आज्ञा शिरसावंद्य. जे पाहिले, जे ऐकले आणि जे मोहिमेत सोबत असलेल्या लताबाईंनी चहा पाजून तीन वेळा सांगितले, ते पदरचे मीठमसाला फारसा न घालता लिहिले असे. वाचणाराने दोष शोधू नयेत. सापडल्यास आपल्यापाशीच ठेवावेत.

तैसियास मूळ हकीकत. किल्लारीपासून दोन कोसांवर मौजे पळसवाडी. तेथे रेवणप्पा म्हणून वाणी, मोठे शिवभक्त, गळ्यात लिंग, तोंडात साखर, तराजू सरळ; त्यांचे कुटुंब नागम्माबाई. घर माळवदाचे, दगडी भिंती दोन हात रुंद, वर हातभर मातीचे धाबे, ऐसे की तोफ लागली तरी ढळू नये, आणि रेवणप्पांस त्या घराचा इतका अभिमान की पाहुणा आला म्हणजे पाण्याआधी भिंत दाखवावी. मग शके १९१५, अनंत चतुर्दशीस गाव गणपती पोचवून निजले आणि पहाटेस जमीन हालली. पुढे काय जाहले ते साऱ्या मुलुखास ठाऊक आहे. त्याचा विस्तार करण्यास या कलमात बळ नाही. इतुकेच लिहितो की नागम्माबाई उकडते म्हणून अंगणात बाजेवर निजल्या होत्या, आणि रेवणप्पा आत होते. थोरली जाऊ मल्लम्मा, तीही आत होती.

मग सरकारची स्वारी आली आणि पत्र्याची शेडे उभी जाहली आणि नागम्माबाई, चिरंजीव उमाशंकर, सूनबाई आणि नात शिवकन्या ऐसे चौघे एका शेडात राहू लागले. पुढे नवे गाव वसले, सिमेंटची घरे जाहली, वर सपाट स्लॅब, आणि गावची रयत एकेक करून तेथे गेली. परंतु नागम्माबाईंनी पदरास गाठ मारली की ज्या छतास वजन आहे त्याखाली या जन्मी चूल मांडणे नाही, पाठ टेकणे नाही. उमाशंकर पाया पडले, पाहुणेरावळे सांगून थकले, जंगमस्वामींनी दोन घटका उपदेश केला. बाईंचे उत्तर एकच होते. "पत्रा पडला तर टेंगूळ यील. जीव जाणार न्हाई."

आणि अव्वा, म्हणजे आई, बाहेर असता आपण आत जाऊन निजणे हे उमाशंकरांस साधेना, सबब सारे कुटुंब शेडातच राहिले. उन्हाळ्यात तो पत्रा ऐसा तापे की सूनबाईंनी पापड वाळवणे सोडून भाजण्याचाच विचार करावा. घर क्रमांक एकशे सदतीस दोन वर्षे कुलपात पडले. मग कचेरीतून कागद आला की शेडे उचलायची आहेत. अमावास्येनंतरचे मंगळवारी येऊन ज्याचे त्याने घराचा कबजा घ्यावा आणि अंगठा द्यावा, न घेतल्यास घर यादीतील पुढल्या मनुष्यास दिले जाईल. घर रेवणप्पांमागे नागम्माबाईंचे नावे, म्हणून अंगठाही त्यांचाच पाहिजे होता. बाई ते समयी नातीच्या शिक्षणापायी लातुरी होत्या; उमाशंकर कागद घेऊन तेथे आले आणि डोळ्यांत पाणी आणून पुसते जाहले की, अव्वा, काय करायचं? तेव्हा बाईंनी जे उत्तर दिले, तेच या मोहिमेचे मूळ होय. त्या म्हणाल्या, "मल्लम्मा काय करती ते ऐतवारी बघते. मग सांगते."

येथे वाचणारा घाबरेल की मल्लम्मा तर गेली. म्हणून खुलासा करणे प्राप्त आहे.

शेडांच्या वस्तीत कोण्या धर्मादाय मंडळींनी एक दूरदर्शनयंत्र दिले होते आणि त्यावर दर ऐतवारी अकराचे सुमारास एक मालिका लागे. आकाशात, चंद्राच्याही पल्याड, तांबड्या मातीचा कोणी ग्रह आहे आणि भूमीवरील दोनशे माणसे तेथे वस्ती करण्यास गेली आहेत, ऐसी कथा. तेथे पाण्याची मारामार, पीक उगवेना, आणि जमीन हालते. पहिली काचेची घुमटघरे जमीन हालून फुटली, माणसे गेली, राहिलेली पत्र्याच्या नळकांड्यांत राहू लागली. भूमीवरून साहेब लोक अग्निबाण घेऊन येत आणि फोटो काढीत आणि कागद भरून घेत आणि आम्ही तुमच्या पाठीशी आहोत ऐसे बोलून जेवणाआधी परत जात. हे पाहून शेडातल्या बाया एकमेकींस कोपरखळी मारीत आणि म्हणत, अगं बया, हितं बी आलंच का हे! भाषा हिंदी, तीही दुसऱ्याच कोण्या भाषेवर मागाहून चढवलेली, ओठ एक बोलत आणि आवाज भलतेच; नागम्माबाईंस त्यातील निम्मे कळे आणि उरलेले त्या स्वतः घालीत. मालिकेचे नाव त्यांस कधीच उच्चारता आले नाही. त्या तीस 'वरलं गाव' म्हणत.

त्या वरल्या गावची कारभारीण एक आखूड केसांची, कमरेस पट्टा, नजर करारी, कोणाचे ऐकत नसे आणि सगळ्यांचे करी. तिचे नाव बाईंनी पहिल्याच दिवशी मल्लम्मा ठेवले. आणखी तेथे एक लोखंडी यंत्रमानव होता, तो जे ते टिपून घेई आणि सरळ उत्तर कोणास देत नसे. त्याचे नाव तलाठी. ऐसी दीड वर्षे गेली आणि मागल्या ऐतवारी असे जाहले की वरल्या गावाने पहिले पीक काढले, वाटीभर घेवड्यासारखे दाणे, आणि त्याच दिवशी जमीन पुन्हा हालली. मग भूमीवरून मोठे जहाज आले आणि हुकूम आला की, सर्वांनी आपल्या मुलुखी परत यावे अथवा आपल्या जबाबदारीवर राहावे. पुन्हा जहाज येणार नाही. गावाने कौल घ्यावयाचे ठरवले, आणि तो कौल पुढल्या ऐतवारी, शेवटच्या भागात निघणार होता. पुढला ऐतवार म्हणजे माघ वद्य अमावास्या, आणि कबज्याचा मंगळवार त्याच्या दोन दिवसांनी. नागम्माबाईंचे डोक्यात दोन्ही गावांची एकच मोट बांधली गेली होती.

आता लातूरचा वृत्तांत. शिवकन्या दहावीस तालुक्यात अव्वल आली, म्हणून उमाशंकरांनी तीस बारावीकरिता लातुरी ठेवली आणि भाकरी करून घालण्यास नागम्माबाई सोबत आल्या. खोली लताबाईंच्या घरामागली, वर पत्रा पाहूनच पसंत केलेली. लताबाई शाळेत बाई होत्या, मोठ्या सज्जन, आणि त्यांचा आलोकही बारावीसच होता. ते काळी लातुरात जिकडे पाहावे तिकडे क्लासच्या पाट्या, पहाटेपासून सायकलींचे घोडदळ गल्लीगल्लीतून धावते, आणि गावोगावची मुले दप्तरे घेऊन मुक्कामास येतात, ऐसा अंमल सुरू जाहला होता. आणि त्या अंमलात फिजिक्सचे सुभेदार राघवेंद्र सर. उंची बेताची, मिशी जरबेची; सर गल्लीतून गेले म्हणजे क्रिकेट खेळणारी पोरे चेंडू खिशात घालून आकाशाकडे पाहत.

सरांनी दिवाळीचे तोंडावर पालकांची सभा भरवून फर्मान काढले. बारावीचे घरी टीव्ही चालणे म्हणजे दुधात मिठाचा खडा होय. सबब पाडव्याचे मुहूर्तावर ज्याने त्याने आपले यंत्र चादरीत बांधून ठेवावे, आणि चादर सोडण्याचा मोह होतो हा अनुभव असल्याकारणे अँटेनाची वायर सोडवून, तीस नावाची चिठ्ठी लावून, आमचे घरी आणून जमा करावी. अखेरचा पेपर जाहल्यावर परत मिळेल. पालकांनी माना डोलावल्या. आणि पाडव्यास घरोघर यंत्रास हळदकुंकू वाहिले, नारळ ठेवला, चादरीची गाठ मारली, आणि बापमंडळी वायरींची भेंडोळी काखेत मारून सरांचे दारी रांगेने उभी राहिली. ऐसा रिवाज दुसऱ्या मुलुखी ऐकिवात नाही. लातुरात मात्र ज्या घरी टीव्ही बांधलेला नाही त्या घरास मुलाच्या भवितव्याची काळजी नाही, असे लोक उघड बोलत.

नागम्माबाईंचाही चौदा इंची टीव्ही बांधला गेला. परंतु बाई खचल्या नाहीत. कोपऱ्यावरले कापडवाले गुरुपादप्पा यांची मुले केव्हाच शिकून परमुलखी गेली होती, त्यामुळे त्यांचे यंत्र मोकळे होते. बाई दर ऐतवारी त्यांच्या दुकानी गादीच्या टोकास बसत, आणि गुरुपादप्पा गिऱ्हाइकास लुगडे दाखवता दाखवता मल्लम्माचे काय जाहले ते पुसत, आणि गिऱ्हाइकही बसून राही. हा तळ चार महिने अभेद्य राहिला. पण अमावास्येच्या आदले दिवशी, शनिवारी, गुरुपादप्पांची भाची श्रद्धा, वसतिगृहातले पाणी संपले म्हणून, उरलेल्या पेपरांपुरती बॅग घेऊन मामाकडे आली. तिने चप्पल काढली नाही तोच मामीने टीव्हीवर चादर टाकली. गुरुपादप्पा वायर घेऊन सरांकडे निघालेले नागम्माबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या मटकन ओट्यावर बसल्या.

ऐतवार उजाडला. बाईंनी स्नान केले, लिंगपूजा केली, भाकरी थापल्या, आणि मग गल्लीतील सात घरे पायी फिरून पाहिली. सातही घरी कोपऱ्यात चादरीचे गाठोडे, आणि गाठोड्यावर कोठे फुलदाणी तर कोठे गाइडांची चळत. दहा वाजले. शिवकन्या दुसऱ्या दिवशीचे फिजिक्सचे पेपराच्या अभ्यासास बसली होती, तिने वहीवरून मान वर न करता म्हटले, "आज्जी, एक दिस न बघून काय व्हतंय? पेपर झाला की मैत्रिणीला इचारून सांगते की मी."

"सांगितल्यालं आन् बघितल्यालं एक आस्तंय व्हय गं?" नागम्माबाई म्हणाल्या. "तुझा बाप परवा जीप घेऊन यायलाय. त्याला मी काय सांगू? इचारून सांगते म्हनू?"

शिवकन्येने आता मान वर केली. आजीचे डोळे भरले होते, आणि ते मालिकेकरिता नव्हेत हे तीस उमगले. तिलाही ते घर हवे होते. तीन उन्हाळे तिने त्या पत्र्याखाली अभ्यास केला होता. परंतु तिच्या हाती काही नव्हते. ती इतकेच बोलली की, वायर असती तर लावून दिली असती.

हे शब्द नागम्माबाईंच्या कानी पडले आणि मनसुबा ठरला.

तत्काळ लताबाईंच्या स्वयंपाकघरात मसलत बसली. बाईंनी प्रस्ताव मांडला की, सरांचे घरी जाऊन आपली वायर मागावी. ती आपली आहे, चिठ्ठीवर आपले नाव आहे. एक तासाने परत देऊ. लताबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्या म्हणाल्या, "अहो आज्जी, सर काय म्हणतील? आलोकचे प्रॅक्टिकलचे मार्क…" मग त्यांस आठवले की प्रॅक्टिकल होऊन गेले आहे. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. खरे सांगायचे तर वरल्या गावचे काय होते याची लताबाईंसही तळमळ लागली होती, पण शाळेत शिकवणाऱ्या बाईने ऐसे बोलून कसे दाखवावे? सबब त्या म्हणाल्या की, तुम्हांला एकटीला रस्ता ओलांडता येणार नाही, म्हणून येते. हा बहाणा नागम्माबाईंनी उदार अंतःकरणे स्वीकारला.

मग कूच जाहले. अग्रभागी खासा नागम्माबाई, इरकली लुगडे, कपाळी विभूतीचे तीन पट्टे, हाती शेंगापोळ्यांचा डबा, कारण गुरूचे घरी रिकाम्या हाती जाऊ नये आणि शत्रूचे घरी तर मुळीच जाऊ नये. पिछाडीस लताबाई, पदर दोन्ही खांद्यांवरून, ओळखीचा पालक दिसला की दुकानाची पाटी वाचत उभ्या. दोन बाजूंनी खिडक्यांतून पाठांतराचा घोष चालला होता. एका वळणावर आलोकच सायकलीवर समोरून आला आणि आईस पाहून तोच घाबरला, की ही सरांकडे आपली तक्रार घेऊन निघाली; आणि त्याने सायकल वळवून जी टाच मारली तो थेट लायब्ररीत जाऊन अभ्यासास बसला. मोहिमेचा हा पहिला लाभ म्हणावा.

अकरास पाच मिनिटे कमी असता फौज सरांचे फाटकाशी भिडली. घर सामसूम. सरांचे कुटुंब मुलांसह सिद्धेश्वराचे यात्रेस गेले होते. दाराशी पाटी होती की, परीक्षेच्या काळात भेटू नये. लताबाईंनी ती दोन वेळा वाचली आणि परतण्याची सूचना केली. तोच नागम्माबाईंनी हात वर करून त्यांस थांबवले आणि कान दिला. आतून फार बारीक, डास गुणगुणावा इतक्या आवाजात, एक सूर येत होता. दीड वर्षाच्या ऐतवारांनी ओळखीचा जाहलेला सूर. वरल्या गावचा!

दार लोटलेले होते. बाईंनी डब्यानेच ते ढकलले आणि दोघी आत शिरल्या. पाहतात तो काय, साक्षात फिजिक्सचे सुभेदार, अंगात बनियन, कमरेस लुंगी, चटईवर मांडी घालून, पडद्यास नाक लागेल इतके जवळ बसलेले, आवाजाची कळ पार खाली. आणि मागल्या भिंतीवर खिळ्यांस साऱ्या गल्लीच्या वायरी नावांच्या चिठ्ठ्यांसह ओळीने लटकत होत्या. सरांनी मान वळवली. जी मिशी पाहून पोरे गॅसचे नियम धडाधडा म्हणत, ती मिशी थरथरली. सर काही बोलू लागले; त्यातून इतकाच अर्थ निघाला की मुलांस गुरुत्वाकर्षणाची उदाहरणे देणे असतात, त्याकरिता हे पाहावे लागते, आणि ते पाडव्यापासून पाहावे लागत आहे.

लताबाई संतापून म्हणाल्या, "सर! आमच्या घरी चार महिने रामायणाचा शब्द नाही की बातम्या नाहीत, आणि तुम्ही…"

परंतु नागम्माबाईंस न्यायनिवाड्यास वेळ नव्हता. त्या चटईपाशी गेल्या आणि वदल्या, "गुरुजी, सरका जरा."

सर सरकले. या तीन शब्दांनी जो गड सर जाहला, तो सभा भरवून आणि अर्ज देऊन पालकांस कधीही सर जाहला नसता. मग तेथल्या तेथे तह ठरला, तो ऐसा की, सरांनी आवाज मोठा करावा; बायांनी ही गोष्ट या चार भिंतींबाहेर नेऊ नये; आणि डबा उघडून मध्ये ठेवावा. सरांनी शेंगापोळी हाती घेतली आणि तहास मान्यता दिली.

भाग सुरू जाहला. वरल्या गावी सर्व लोक जमले, कोणी रडतो, कोणी बोचके बांधतो, जहाज टेकडीवर उभे. सरांचा स्वभाव जात्या मास्तराचा, ते मध्येच सांगू लागले की इतक्या लहान ग्रहावर माणूस असा चालणार नाही, उडत उडत चालेल. नागम्माबाई म्हणाल्या, "गप बसा हो गुरुजी. त्यांचं घर मोडलंय आन् तुम्ही चाल बघायलाव." सर गप्प बसले. त्यांस शिकवता शिकवता कोणी गप्प बसवल्याची ही पहिलीच वेळ.

मग कौल. दोन डबे मांडले. जो परत जाणार त्याने एकात खडा टाकावा, जो राहणार त्याने दुसऱ्यात, आणि मध्ये पडदा, जेणेकरून कोणाचे कोणास दिसू नये. तलाठी शेजारी उभा राहून नावे पुकारू लागला. सर्वांशेवटी मल्लम्मा उठली. मूठ झाकलेली, चेहऱ्यावर रेष हालेना, पडद्याआड गेली, खडा पडल्याचा आवाज आला, बाहेर आली. मग लोक बाहेर खोळंबले असता ती आपल्या पत्र्याच्या नळकांड्यात गेली. फळीवरली पिशवी काढली, पहिल्या पिकाचे मूठभर दाणे एका भांड्यात घातले, जपून जपून त्यावर पाणी ओतले, वर झाकण ठेवले, हात कमरेच्या फडक्यास पुसले आणि बाहेर गेली. तलाठ्याने डबे उपडे केले. खडे मेजावर घरंगळले. तलाठी मोजून उभा राहिला, सर्व गाव श्वास धरून त्याच्याकडे पाहू लागले, चटईवरील तिघेही पाहू लागले, तलाठ्याने तोंड उघडले,

आणि वीज गेली.

ते समयी लताबाईंनी विद्युत मंडळाच्या नावाने जे उद्गार काढले ते शिक्षिकेच्या तोंडी शोभणारे नसल्याने येथे लिहीत नाही. सर लुंगी सावरीत मीटरपाशी धावले, फ्यूज काढून पाहिला, फुंकर मारली, पुन्हा घातला. अख्खी गल्ली गेली होती. मग सरांस युक्ती सुचली. नांदेडात त्यांची बहीण मनस्विनीबाई राहतात, तेथे वीज असेल. सरांनी तत्काळ टेलिफोन लावला आणि पुसले की टीव्हीवर काय चालले आहे ते पाहून लवकर सांग. तिकडून उत्तर आले की, दादा, विसरलास की काय, आमचा राहुल बारावीला नाही का? तूच तर सांगून टीव्ही बांधायला लावलास! वायर तुझ्याकडेच आहे.

सरांनी भिंतीकडे पाहिले. तिसऱ्या ओळीत नांदेडची चिठ्ठी होती. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

अर्धी घटका गेली, वीज आली नाही. अकराचे साडेअकरा, साडेअकराचे बारा जाहले. आता भाग संपला असणार. लताबाई डोळे पुसत होत्या. सर धीर देण्याच्या हेतूने म्हणाले की, शास्त्राप्रमाणे पाहता पाणी नाही, हवा नाही, जमीन हालते, ऐशा ठिकाणी मनुष्याने राहणे शहाणपणाचे नाही. ते परत गेले असतील, आणि जाणेच योग्य. नागम्माबाई काळ्या पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. दीड वर्ष ज्या एका उत्तराची वाट पाहिली ते त्या काळ्या काचेमागे राहिले होते. मंगळवारी उमाशंकर जीप घेऊन येणार, कागद पुढे करणार, आणि आपण काय सांगणार? लताबाई सांगतात की बाईंचे तोंड ते समयी लहान मुलीसारखे जाहले होते.

मग बाई एकाएकी म्हणाल्या, "राहिली ती."

"कशावरून आजी?" सरांनी पुसले. "खडा कुठल्या डब्यात टाकला ते दाखवलंच नाही."

"खडा गेला खड्ड्यात. दाणे भिजू घातले की तिनं! जाणारं मानूस कडधान्य भिजू घालत न्हाई."

सर म्हणाले, "तो बी रुजवण्याचा प्रयोग असेल. तशी पद्धत असते."

"प्रयोगाला वर झाकण ठेवून, हात पुसून जातंय व्हय कुनी? उद्याची उसळ हाय ती." बाईंनी काळ्या पडद्यावरली नजर काढली. "आमची मल्लम्मा… माझी जाऊ हो, गुरुजी. त्या गणपतीच्या दिवशी सांजच्याला मटकी भिजू घालून निजली. मला म्हनली, नागू, सकाळी लौकर ऊठ, उसळ करू. सकाळी तिचं भांडं सापडलं मला. झाकण तसंच होतं."

सरांचे हातात अर्धी शेंगापोळी तशीच राहिली. ही गोष्ट बाईंनी साडेतीन वर्षांत उमाशंकरांसही सांगितली नव्हती.

मग बाईंनी नाक पदरास पुसले आणि उठल्या. सर घाईने भिंतीपाशी गेले आणि नागम्माबाईंच्या नावाची वायर खिळ्यावरून काढून दोन्ही हातांनी पुढे केली, जणू जिंकलेल्या गडाच्या किल्ल्या. बाईंनी ती परत खिळ्यास अडकवली आणि आज्ञा केली की, राहू द्या, पोरीचा पेपर हाय उद्या. आणि डबा धुऊन द्या.

सोमवारी शिवकन्येचा पेपर जाहला. ती बाहेर येते तो मैत्रिणी झाडाखाली त्या शेवटच्या भागाविषयीच बोलत होत्या. तीस आजीचा निरोप आठवला की कोणी सांगू लागले तर कानांवर हात ठेवायचे, आणि तिने भर मैदानात कानांवर हात ठेवले, तेणेकरून पेपर अवघड गेला ऐसी वदंता उठली. सरांसही निकाल कळला नाही. कारण कोणास पुसावे तर आपण पाहत होतो हे उघडे पडणार. लताबाईंनीही मन मारले. ऐसा या तिघांचा एकोपा शेवटपर्यंत टिकला.

मंगळवारी जीप आली आणि नागम्माबाई पुढल्या सीटवर, पेपरांमध्ये सुटी म्हणून शिवकन्या मागे, ऐशा बसल्या आणि पळसवाडीच्या नव्या गावी घर क्रमांक एकशे सदतीसचे दारात उतरल्या. कारकुनाने कागद पुढे केला. बाईंनी आधी स्लॅबकडे पाहिले, मग उमाशंकरांकडे, मग अंगठा दिला. परंतु घर एका दिवसात सर होईल ऐसे कोणी समजू नये. बाईंनी पिशवीतून मटकी काढली, अंगणातील नळाखाली धुतली, भांड्यात भिजत घातली, झाकण ठेवले, आणि उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून भांडे आत सरकवले. स्वतः मात्र बाज टाकून अंगणात निजल्या. उमाशंकर, सूनबाई कोणीही आत गेले नाही. सारे कुटुंब आपल्याच घराबाहेर, वेढा घातल्यासारखे.

सकाळी बाई उठल्या आणि नेहमीच्या सवयीने मटकी उपसायला निघाल्या. भांडे आत होते. बाई आत गेल्या. पाणी उपसले, मटकी फडक्यात बांधली, चूल कोठे मांडावी ते पाहिले, सूनबाईस हाक मारून तिखटमिठाचे डबे मागवले. मोड येईस्तोवर थांबवेना, मग तशाच भिजल्या मटकीची उसळ फोडणीस टाकली आणि फोडणीचा वास अंगणात आला. उमाशंकर दारात येऊन उभे राहिले. अव्वा आत, आणि अव्वाच्या डोक्यावर स्लॅब, आणि अव्वा पळीने उसळ हलवीत आहे. त्यांस हुंदका आवरेना. ते म्हणाले, "अव्वा… वर बघितलीस का?"

नागम्माबाई म्हणाल्या, "वर काय बघू? उसळ करपंल. ये, आत ये, ताटल्या घे."

येणेप्रमाणे शके १९१८, धातानाम संवत्सरी, फाल्गुन मासी, बुधवारी सकाळी, घर क्रमांक एकशे सदतीस हे चूल पेटवून, उसळ शिजवून, चार ताटे मांडून फत्ते जाहले. वरल्या गावीही लोक राहिले. तलाठ्याचे तोंडून कोणी काही वेगळे ऐकले असल्यास त्याने ते आपल्यापाशी ठेवावे. आम्ही नागम्माबाईंच्या सांगण्यावरून लिहिले आहे, आणि तेच खरे.